विद्यापीठीय क्षेत्रकार्यातील जोखीम व्यवस्थापन (ब्रह्मपुरी परिसर)

शैक्षणिक सहली, क्षेत्रभेटी, सर्वेक्षणे, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे अशा महाविद्यालयाच्या आवाराबाहेरील उपक्रमांतील संभाव्य धोके आधी ओळखणे, त्यांचे मूल्यमापन करणे आणि ते टाळण्याची वा कमी करण्याची व्यवस्था करणे, यास क्षेत्रकार्यातील जोखीम व्यवस्थापन म्हणतात. चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी तालुका व लगतच्या गडचिरोली जिल्ह्यात वने, वन्यप्राणी, वैनगंगा नदी आणि कडक उन्हाळा यांमुळे या विषयाला विशेष महत्त्व आहे. हे दोन्ही जिल्हे २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात.

पार्श्वभूमी

८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी बियास नदीत वाहून गेले. २०१५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यार्थ्यांच्या आवारातील व आवाराबाहेरील सुरक्षिततेविषयी मार्गदर्शक सूचना जारी केल्या. त्यानंतरही १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडून मृत्युमुखी पडले.

स्थानिक धोके

वन्यप्राणी : ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाबाहेर, ब्रह्मपुरी वनविभागातील गावांलगतच्या जंगलातही वाघांचा वावर आहे. पहाट व संध्याकाळ या वेळा अधिक धोक्याच्या असतात. वाकून वा बसून काम करणाऱ्या माणसावर हल्ल्याची शक्यता वाढते. मोहफुले व तेंदूपाने गोळा करण्याच्या हंगामात वाघ व अस्वल यांच्याशी गाठ पडण्याचे प्रसंग वाढतात. ऑक्टोबर २०२१ पासून गडचिरोली जिल्ह्यात रानटी हत्तींचा कळपही आलेला आहे.

नदी : वैनगंगेवरील गोसेखुर्द धरण ब्रह्मपुरीच्या वरच्या अंगास आहे. स्थानिक पाऊस नसतानाही विसर्गामुळे पाणी वाढू शकते. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस आलेल्या महापुरात तालुक्यातील नदीकाठची गावे पाण्याखाली गेली होती.

उष्णता : मे महिन्यात पारा अनेकदा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो.

सर्पदंश व हिवताप : सात दिवसांच्या विशेष शिबिरात विद्यार्थी बहुधा शाळेत किंवा समाजमंदिरात जमिनीवर झोपतात. मण्यार रात्री वावरतो आणि त्याचा दंश अनेकदा जाणवतही नाही; पहाटे पोटदुखी होणे वा पापण्या जड होणे ही लक्षणे असू शकतात. गडचिरोली हा राज्यातील हिवतापाचा सर्वाधिक प्रादुर्भाव असलेला जिल्हा आहे. मच्छरदाणी दोन्ही धोक्यांत उपयुक्त ठरते.

मूल्यमापन

प्रत्येक धोक्याच्या संभाव्यतेला व तीव्रतेला १ ते ५ गुण देऊन त्यांचा गुणाकार करणे ही प्रचलित पद्धत आहे. उदाहरणार्थ, मोहफुले वेचणाऱ्यांच्या मुलाखती पहाटे जंगलात घेतल्यास संभाव्यता ३ व तीव्रता ५, म्हणजे गुण १५ धरता येतील. त्याच मुलाखती सकाळी दहानंतर गावच्या चावडीवर घेतल्यास संभाव्यता १ होऊन गुण ५ वर येतात. विषय व माणसे तीच राहतात, बदलते ती वेळ व जागा. मात्र गुणाकार कमी आला तरी जीवघेण्या धोक्याचा स्वतंत्र विचार करावा लागतो.

नियंत्रण व जबाबदारी

धोका मुळातूनच टाळणे हा पहिला उपाय मानला जातो. त्यानंतर वेळ, मार्ग किंवा पद्धत बदलणे, नियम ठरवणे आणि शेवटी वैयक्तिक साधने असा क्रम लागतो. म्हणून नदीत उतरण्यास पूर्ण मनाई करणे हे केवळ देखरेख ठेवण्यापेक्षा परिणामकारक ठरते.

निघण्यापूर्वी वनविभागाची आवश्यक परवानगी, पालकांची संमती, विद्यार्थ्यांच्या आजारांची नोंद, जवळचे प्रतिसर्पविष उपलब्ध असलेले रुग्णालय आणि विसर्गाची माहिती तपासली जाते. वनरक्षक, पोलीस पाटील व आशा कार्यकर्ती यांच्याकडून गावातील ताजी स्थिती कळते. १०८ (रुग्णवाहिका), ११२ (आपत्कालीन मदत) व १९२६ (वनविभाग) हे क्रमांक उपयोगी असले तरी जंगलात भ्रमणध्वनीचे जाळे सर्वत्र मिळत नाही. त्यामुळे परतण्याची वेळ आवारातील एका व्यक्तीकडे नोंदवून, त्या वेळेपर्यंत संपर्क न झाल्यास शोध कोणी सुरू करायचा हे आधीच ठरवतात.

प्रत्यक्ष ठिकाणी परिस्थिती बदलल्यास उपक्रम थांबवण्याचा अधिकार सोबतच्या प्राध्यापकाकडे असणे आवश्यक असते. असा अधिकार लेखी दिलेला नसल्यास, ठरलेला कार्यक्रम पूर्ण करण्याच्या दडपणाखाली आधी केलेले मूल्यमापन निरुपयोगी ठरू शकते.