बूटलोडर बसवायचा कुठे? ४४६ बाइटांची गोष्ट
एका संगणकावर दोन ऑपरेटिंग सिस्टिम नांदवायच्या तर बूटलोडर कुठे ठेवायचा? या भांडणाचं मूळ १९८३ मधलं. पीसी-डॉस २.० सोबत हार्ड डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत मास्टर बूट रेकॉर्ड आला. त्यातले ६४ बाइट विभागांच्या तक्त्याला, २ खुणेला. बूटलोडरला उरले जेमतेम ४४६. खुर्ची एकच, म्हणून शेवटी येईल तो बसणार! लिनक्सनंतर विंडोज टाकलं की लिनक्सचा बूटलोडर उठवला जायचा. फाइली शाबूत, पण आत शिरता येईना. मग आपण शिकलो: मुख्य बूटलोडर तिथे, बाकीचे आपापल्या विभागात. पुढे यूईएफआयने खुर्चीऐवजी सामायिक ओसरी दिली. ईएसपी नावाच्या विभागात सहसा प्रत्येक सिस्टिमचं वेगळं फोल्डर असतं. आता वाद उरला तो पहिल्या मानाचा. आणि तो क्रम आपण फर्मवेअरमध्ये बदलू शकतो.