मुलं काढून घेऊ

म्हैसूरचा सय्याजीराव रस्ता बडोद्याच्या महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या नावाचा आहे. के. आर. सर्कलपासून निघून तो देवराज मार्केटच्या कडेनं जातो, आणि मार्केटमागच्या गल्ल्यांमध्ये आम्हा भावसारांची काही घरं पिढ्यान् पिढ्या आहेत. घरात मराठी, ओट्याखाली उतरलं की कन्नड. माझे वडील शिंपीकाम करायचे. दसऱ्याच्या आधी महिनाभर आमच्या घरी रात्र अशी नसायचीच. शाळेत जाणारी त्यांच्या घरातली मी पहिली मुलगी नव्हते, पण शाळेत शिकवणारी पहिलीच. सरकारी हायस्कुलात इतिहास शिकवत मी निवृत्त झाले.

सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेली भागात आणि 1906 मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. एवढं पुस्तकात असतं आणि मीही ते फळ्यावर लिहून देत असे. पुस्तकात नसतं ते असं, की त्याच बडोद्यात अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा वेगळ्या काढाव्या लागल्या आणि त्या शाळांवर जायला सवर्ण हिंदू शिक्षक तयार होईनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. राजा राजी होता, खजिना राजी होता. अडून बसले ते शेजारी.

शाळांच्या हद्दीचा इतिहास या शेजाऱ्यांचा आहे, असं माझं पक्कं मत झालं आहे. कुठल्या शाळेत कुणी बसायचं हे हुकमानं ठरतं असं आपण धरून चालतो. हुकूम तर बहुतेक वेळा दार उघडणारेच निघाले. दार उघडलं की आतले लोक म्हणाले, ‘याला घेतलंत तर आम्ही आमची मुलं काढून घेऊ.’ हे वाक्य पावणेदोनशे वर्षांत किती तोंडांनी बोललं गेलं, ते मला इथे मांडायचं आहे.

सुरुवात धारवाडची. 1856 साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलानं प्रवेश मागितला. तेव्हा धारवाड मुंबई इलाख्यात होतं. स्थानिक अधिकाऱ्यांनी नाही म्हटलं, तेव्हा त्याच्या वतीनं मुंबई सरकारकडे अर्ज गेला. सरकारचं उत्तर वाचताना मला आजही त्रास होतो, कारण त्यात मुलाचा हक्क कुठेही नाकारलेला नाही. तात्त्विकदृष्ट्या न्याय त्याच्याच बाजूनं आहे, असं सरकारच कबूल करतं. पण या एका मुलासाठी इतरांवर सोबत लादली, तर शाळा बाकीच्या मोठ्या समूहाच्या उपयोगाची राहणार नाही, म्हणून प्रवेश देता येत नाही. एका बाजूला एक मुलगा, दुसऱ्या बाजूला निघून जाण्याची धमकी, आणि सरकारनं धमकीच्या बाजूनं कौल दिला.

प्रकरण इथे थांबलं नाही. जानेवारी 1857 मध्ये कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारनं मुंबईला कळवलं की बंगालमध्ये असा नकार दिला गेला नसता. पुढे लंडनहून कंपनीच्या संचालकांनी 28 एप्रिल 1858 च्या खलित्यात स्पष्ट केलं की सरकारी शाळा सगळ्या वर्गांना खुल्या आहेत आणि या तत्त्वापासून हटता येणार नाही. उत्तरेत बंड पेटलेलं असताना, कंपनीचं राज्य जायला काही महिने उरलेले असताना, एका मुलाच्या अर्जावर ही कागदपत्रं फिरत होती! मी वर्गात हे शिकवायचे तेव्हा मुलं नेमकं विचारायची, ‘मिस, मग त्याला शाळेत घेतलं का?’ त्या मुलाचं नावसुद्धा या कागदांनी आपल्यापर्यंत पोचवलेलं नाही. तत्त्व मात्र कागदावर राहिलं, आणि डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेचं शिक्षणविषयक निवेदन मांडलं, तेव्हा त्यांनी हेच धारवाड प्रकरण पुन्हा उजेडात आणलं. सत्तर वर्षांनीही ते जुनं झालेलं नव्हतं.

धारवाड म्हैसूर संस्थानात नव्हतं, म्हणून इथली गोष्ट निराळी असेल असं कुणाला वाटेल. आमच्या मोहल्ल्यातून चालत जाता येईल एवढ्या टापूत म्हैसूरच्या साऱ्या जुन्या शाळा होत्या. तिसऱ्या कृष्णराज वडियारांनी 1833 मध्ये काढलेली मोफत इंग्रजी शाळा, जिच्यातून पुढे महाराजा कॉलेज झालं. 1854 ची वेस्लियन मिशनची शाळा, म्हणजे आताची हार्डविक. 1876 चं मरिमल्लप्पा हायस्कूल. आणि 1881 ची महाराणींच्या नावाची मुलींची शाळा. इंग्रजांनी संस्थान वडियारांना परत दिलं तेच हे साल. दरबारातल्या ए. नरसिंह अय्यंगारांनी चामराजेंद्र वडियारांच्या पाठबळावर ती उभी केली. मुलींच्या शिक्षणासाठी त्या काळी हे फार धाडसाचं होतं आणि मी त्यांची ऋणी आहे. पण त्या शाळेच्या तेव्हाच्या इंग्रजी नावात ‘कास्ट गर्ल्स’ हे शब्द असत. जातिवंत घरांनी मुली पाठवाव्यात म्हणून त्यांना तशी हमी द्यावी लागली. माझी आजी त्या इमारतीपासून फार लांब राहत नव्हती. ती शाळेत गेली नाही.

1913 मध्ये म्हैसूरनं प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि निवडक भागांत सक्ती आणली. दिवाण होते विश्वेश्वरय्या. 1915 मध्ये सरकारी शाळा पंचमांच्या मुलांना, म्हणजे त्या वेळी अस्पृश्य ठरवलेल्यांच्या मुलांना, खुल्या करण्याचा हुकूम निघाला आणि धारवाडचं वाक्य म्हैसुरात ऐकू आलं. वरच्या जातींनी जोरदार विरोध केला, काही गावांत मुलं खरोखरच काढून घेतली. फरक एवढाच, की या वेळी सरकारनं हुकूम मागे घेतला नाही. विश्वेश्वरय्यांबद्दल बोलताना लोकांना धरण आठवतं. मला हाही हुकूम आठवतो.

त्याच विश्वेश्वरय्यांची पुढची बाजू मात्र मला पटत नाही. ब्राह्मण लोकसंख्येच्या चार टक्क्यांच्या आत होते आणि वरच्या सरकारी जागा बहुतेक त्यांच्याकडे. शाळा-कॉलेजांत जे टिकले तेच कचेरीत पोचले, हे उघड होतं. 1917 मध्ये म्हैसुरात प्रजामित्र मंडळी स्थापन झाली, पुढच्या वर्षी ब्राह्मणेतरांचं शिष्टमंडळ महाराजांना भेटलं, आणि चौथ्या कृष्णराज वडियारांनी मुख्य न्यायाधीश सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विश्वेश्वरय्यांना हे मान्य नव्हतं. गुणवत्तेला धक्का लागेल असं त्यांना वाटत होतं. त्यांनी दिवाणपद सोडलं. मिलर समितीनं 1919 मध्ये शिफारस केली: सात वर्षांत वरच्या निम्म्या आणि खालच्या दोन तृतीयांश जागा मागासांना, आणि त्यासाठी आधी शिष्यवृत्त्या, वसतिगृहं. 1921 मध्ये त्यावर हुकूम निघाला. नोकरीची वाट शाळेच्या बाकावरून जाते, हे समितीला कळलं होतं. जवळचं हायस्कूल म्हैसुरातच असेल, तर खेड्यातल्या वक्कलिगाच्या पोरासाठी शाळेची हद्द म्हणजे राहायला खोली मिळते की नाही, एवढीच असते. लिंगायतांची, वक्कलिगांची वसतिगृहं या गावात का उभी राहिली याचं उत्तर इथे आहे.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1902 मध्येच निम्म्या जागा मागासांसाठी राखल्या होत्या. पण मला त्यांचा 1919 चा हुकूम अधिक महत्त्वाचा वाटतो. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करा आणि मुलांना सरकारी शाळांत सगळ्यांबरोबर बसवा, असं त्यांनी फर्मावलं. वेगळी शाळा ही दयेची गोष्ट असू शकते, बडोद्यात ती होतीच. तरीही ती हद्दच असते, हे शाहूंनी ओळखलं.

हे आपल्याच मातीतलं आहे असंही नाही. अमेरिकेत 1954 च्या निकालानं गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरल्या. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीनं मग 1959 पासून 1964 पर्यंत सगळ्या सरकारी शाळांना कुलूप लावलं आणि गोरी मुलं खाजगी शाळेत गेली. डेट्रॉइटमध्ये गोरी कुटुंबं उपनगरांत निघून गेली, आणि 1974 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की शहराची शाळा मिसळण्यासाठी उपनगरांच्या शाळाजिल्ह्यांच्या सीमा ओलांडता येणार नाहीत. गेलेले सुरक्षित झाले.

आमच्याकडे निघून जाणं सावकाश झालं आणि कुणी ते मोठ्यानं बोललं नाही. कोठारी आयोगानं 1966 मध्ये परिसरातल्या सगळ्या मुलांसाठी एकच शाळा सुचवली होती. ती सूचना अहवालातच राहिली. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या वर्गात दुकानदाराचा मुलगा, कारकुनाची मुलगी, मार्केटात फुलं विकणाऱ्या बाईचा मुलगा एका बाकावर असत. मग दरवर्षी मे महिन्यात पालक टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, मागायला येऊ लागले. आधी गेले कारकून, मग दुकानदार, मग ज्यांना कर्ज काढावं लागलं तेही. कुणी जातीचं नाव घेतलं नाही. ‘इंग्लिश मीडियम, मिस,’ एवढंच. मी सही करत असे. माझ्या सहकाऱ्यांची मुलंही आमच्या शाळेत नव्हती. शेवटी बाकावर उरली ती मुलं, ज्यांच्यासाठी 1856 मध्ये दार बंद होतं आणि 1915 मध्ये उघडलं होतं. आता सगळी शाळा त्यांचीच झाली होती. सरकारलाही मग तिच्या छपराची, शिक्षकांच्या रिकाम्या जागांची घाई राहिली नाही.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानं खाजगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागा परिसरातल्या गरीब मुलांना दिल्या. कर्नाटकात परिसर म्हणजे शहरात वॉर्ड, खेड्यात महसुली गाव. जानेवारी 2019 मध्ये राज्यानं नियम बदलला: परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेवर ही जबाबदारी नाही. उच्च न्यायालयानं मे महिन्यात तो कायम ठेवला. महाराष्ट्रानं फेब्रुवारी 2024 मध्ये एक किलोमीटरच्या अंतराचा असाच नियम केला, तो मुंबई उच्च न्यायालयानं जुलैत रद्द केला. इथे माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं. पंचवीस टक्क्यांच्या वाटेनं आमची हुशार मुलं गेली, पट आणखी घसरला, हे मी पाहिलं आहे. सरकारी शाळा जगावी असं मला मनापासून वाटतं. पण हा नियम फक्त गरिबाला अडवतो. दुकानदाराचं मूल त्यामुळे परत आलं नाही. ज्या वॉर्डात मी राहते तिथे गरिबाच्या लेकराचा पत्ता आता त्याची शाळा ठरवतो, आणि पैसेवाल्याच्या लेकराच्या दाराशी पिवळी बस येते.

नारायण शास्त्री रस्त्यावरच्या एन. टी. एम. शाळेचं जे झालं ते याच क्रमात बसतं. मुलींसाठीच्या इथल्या सर्वांत जुन्या कन्नड शाळांपैकी ती एक. शेजारी निरंजन मठ. 1892 मध्ये म्हैसूरला आलेले स्वामी विवेकानंद त्या मठात राहिले होते असं मानतात. रामकृष्ण आश्रमाला तिथे स्मारक करायचं होतं, सरकारनं जागा दिली, आणि वाद सुरू झाला. कन्नड लेखक, कार्यकर्ते, जुन्या विद्यार्थिनी शाळेसाठी वर्षानुवर्षं रस्त्यावर बसले. प्रकरण न्यायालयात गेलं, निकाल आश्रमाच्या बाजूनं लागला आणि 2022 च्या सुरुवातीला इमारत पाडली गेली. विवेकानंदांबद्दल माझ्या मनात आदर आहे, आणि स्मारक मागणाऱ्यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण या वादात पुन्हा पुन्हा सांगितलं जात होतं की शाळेत मुलं आहेतच किती. ती मुलं कुठे गेली आणि का गेली, हा प्रश्न विचारायला हवा होता. ज्या शाळेतून वजनदार घरांची मुलं आधीच निघून गेली आहेत, तिच्यासाठी महानगरपालिकेत, सचिवालयात कोण उभं राहणार?

2019-20 पासून राज्यानं निवडक हजार सरकारी शाळांत कन्नडबरोबर इंग्रजी माध्यमाचे वर्ग सुरू केले. कन्नड लेखकांनी विरोध केला. त्यांची भीती मला कळते. मराठी घरात जन्मून मी कन्नडमध्ये वाढले, आणि ज्या भाषेनं मला भाकरी दिली तिचं मला प्रेम आहे. तरी मी या वर्गांच्या बाजूची आहे, कारण टीसी मागणाऱ्या बापानं मला जे कारण दिलं होतं ते या वर्गांनी काढून घेतलं. आता कन्नड नीट शिकवण्यासाठी त्याच शाळेत चांगला शिक्षक मागता येतो, मुलं असली तर मागणीला वजन येतं.

आमच्या गल्लीतला एक तरुण शिंपी गेल्या मे महिन्यात माझ्याकडे आला होता. त्याची थोरली खाजगी शाळेत आहे, फी थकली होती. धाकटीला तिथेच घालावं की सरकारी शाळेतल्या इंग्रजी वर्गात, असं त्यानं विचारलं. मी त्याला थोरलीचीही टीसी काढायला सांगितली. दोघींना एकाच शाळेत घालायचं आणि पालकांच्या समितीत स्वतः नाव द्यायचं, या अटीवर मी दोन्ही अर्ज भरून दिले. समितीच्या पहिल्या बैठकीत त्यानं मुलींच्या संडासाचं काम मंजूर करून घेतलं, आणि विज्ञानाच्या शिक्षकाची रिकामी जागा भरावी म्हणून शिक्षणाधिकाऱ्यांशी पत्रव्यवहार आता आम्ही दोघं मिळून करतो आहोत.