शिशाचा माग



आठवड्याच्या बाजारात तेल किंवा तूप आणायला आपण घरचे भांडे घेऊन गेलो, तर दुकानदार आधी काय करतो? रिकामे भांडे तागडीच्या एका पारड्यात ठेवतो आणि दुसऱ्या पारड्यात खडा, खिळा, हाताशी असेल ते घालून काटा बरोबर करतो. याला आपण धडा करणे म्हणतो. धडा न करता तोलले, तर भांड्याचे वजन तेलाच्या भावाने गिऱ्हाइकाच्या माथी बसते. आता विजेचे काटे आले आणि धडा बटण दाबून होऊ लागला. पण रीत तीच आहे.

आज ज्या रसायनशास्त्रज्ञांची हकीकत मी सांगणार आहे, त्यांनी आयुष्यभर काय केले असे कोणी विचारले, तर थोडक्यात उत्तर एवढेच की, त्यांनी नीट धडा केला. आणि तो करता करता, साऱ्या जगाच्या हवेत, पाण्यात, अन्नात आणि माणसांच्या रक्तात एक विष मिसळले आहे, हे त्यांना दिसले. त्यांचे नाव क्लेअर पॅटरसन.

पॅटरसन यांचा जन्म २ जून १९२२ रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यात, मिचेलव्हिल नावाच्या लहानशा गावी झाला. वडील टपाल खात्यात नोकरीला होते. मुलाला लहानपणापासून रसायनांचे वेड. शिक्षण संपले तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते आणि अणुबॉम्बसाठी युरेनियम वेगळे करण्याचे जे गुप्त काम टेनेसी राज्यातील ओक रिज येथे चालले होते, तेथे या तरुणाची नेमणूक झाली. मास स्पेक्ट्रोमीटर नावाचे यंत्र त्यांनी तेथे हाताळले. एकाच मूलद्रव्याचे हलके अणू आणि जड अणू निवडून वेगळे करणारे हे यंत्र. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर अणूंची चाळणीच म्हणा ना.

युद्ध संपल्यावर ते शिकागो विद्यापीठात आले. तेथे प्राध्यापक हॅरिसन ब्राउन यांनी त्यांच्यापुढे एक प्रश्न टाकला. दगडाचे वय कसे मोजायचे? यामागचे तत्त्व सोपे आहे. युरेनियमचे अणू आपोआप फुटत जातात आणि अनेक रूपे पालटून शेवटी त्यांचे शिसे होते. हे अगदी ठराविक वेगाने घडते. युरेनियमचा जो मुख्य प्रकार आहे, त्यातला निम्मा भाग संपायला सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात. तेव्हा दगडात युरेनियम किती उरले आणि शिसे किती झाले, हे मोजले की वय कळते. जॉर्ज टिल्टन या सहकाऱ्याने युरेनियम मोजायचे आणि पॅटरसन यांनी शिसे, अशी वाटणी झाली.

खडकातील झिरकॉनचे बारीक स्फटिक त्यांनी घेतले. खडकाचे वय आधीच ठाऊक होते. म्हणजे उत्तर माहीत असलेले गणित सोडवून पद्धतीची परीक्षा घ्यायची होती. टिल्टन यांचे युरेनियम बरोबर आले. पॅटरसन यांचे शिसे मात्र दर वेळी भलतेच जास्त येई. मोजणी पुन्हा केली, तरी तेच.

असे झाले म्हणजे बहुतेक माणसे यंत्राला दोष देतात, किंवा चारपाच आकड्यांची सरासरी काढून मोकळी होतात. पॅटरसन यांनी तसे केले नाही. हे जास्तीचे शिसे येते कोठून, म्हणून ते त्याच्या मागे लागले. काचेच्या भांड्यात शिसे निघाले. नळाच्या पाण्यात निघाले. शुद्ध म्हणून विकत आणलेल्या आम्लात निघाले. खोलीतल्या धुळीत, कपड्यांत, डोक्याच्या केसांत, हाताच्या कातडीत, जेथे पाहावे तेथे शिसे! दगडातले शिसे इतके थोडे, की त्यावर हे बाहेरचे शिसे सहज मात करी. म्हणजे धडा करायचा तो भांड्याचाच नव्हे, तर साऱ्या खोलीचा करायला हवा होता.

मग त्यांनी तेच केले. १९५२ मध्ये ते कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे, कॅलटेक या प्रसिद्ध संस्थेत गेले आणि तेथे त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा उभारली. आत येणारी हवा गाळून घ्यायची, आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवायचा, म्हणजे दार उघडले तरी धूळ आत येणार नाही. भांडी आम्लाने पुन्हा पुन्हा धुवायची, पाणी आणि आम्ले स्वतः ऊर्ध्वपातन करून शुद्ध करायची. आपल्याकडे सोवळ्यात स्वयंपाक करणाऱ्या आजीबाई असत ना, त्यांनाही हार जाईल असे हे सोवळे! शास्त्रज्ञांसाठी अशा निर्मळ खोल्या आज जगभर आहेत. त्यांतली ही अगदी सुरुवातीची एक.

या खोलीत त्यांनी पृथ्वीचे वय मोजायला घेतले. अॅरिझोनात कॅन्यन डियाब्लो येथे हजारो वर्षांपूर्वी आकाशातून एक लोखंडी अशनी पडला होता. त्याचे तुकडे आजही सापडतात. या तुकड्यात एक खुबी आहे. त्यात युरेनियम जवळजवळ नाहीच. म्हणून त्यातले शिसे सूर्यमाला जन्मली तेव्हाचे, मूळचे शिसे आहे. पुढे युरेनियमपासून किती शिसे झाले हे कळायला हे मूळचे शिसे आधी वजा करावे लागते. पाहा, येथेही धडाच! तो तुकडा शुद्ध करून १९५३ मध्ये शिकागोजवळच्या आर्गॉन प्रयोगशाळेत मोजला गेला आणि १९५६ मध्ये पॅटरसन यांनी निबंध प्रसिद्ध केला. पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे; चूक झालीच तर सात कोटी इकडे किंवा तिकडे. त्यानंतर कितीतरी सुधारलेली यंत्रे आली, पण त्या आकड्याला मोठा धक्का लागलेला नाही.

एवढ्या कीर्तीवर दुसरा कोणी सुखाने निवृत्त झाला असता. परंतु पॅटरसन यांच्या मनातून एक गोष्ट जाईना. प्रयोगशाळेतून जे शिसे त्यांनी झाडून, धुऊन बाहेर काढले, ते आले कोठून?

त्यांनी समुद्राचे पाणी तपासले. खोल समुद्रातल्या पाण्यात शिसे फार थोडे आणि वरच्या थरात मात्र कितीतरी जास्त. खालचे पाणी जुने, वरच्यात अलीकडच्या काळातली भर. याचा अर्थ सरळ होता. शिसे वरून, हवेतून पडत होते आणि तेही नव्याने. हवेत ते सोडत होते कोण? तर रस्त्यावरची प्रत्येक मोटार.

याचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहिला पाहिजे. जुन्या मोटारींच्या एंजिनांत पेट्रोल अवेळी पेटून ठोके बसत. १९२१ मध्ये टॉमस मिजली या अमेरिकन संशोधकाने शोध लावला की, पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग थोडेसे मिसळले की ठोके थांबतात. १९२३ मध्ये असे पेट्रोल विक्रीला आले. त्याला नाव दिले ‘इथिल’. शिशाचा उच्चारसुद्धा त्या नावात नव्हता. शिसे विषारी आहे, हे तर प्राचीन काळापासून माहीत होते. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील एका कारखान्यात हे संयुग तयार करणारे पाच कामगार भ्रम होऊन, तडफडून मेले. ओरड झाली, विक्री काही काळ थांबली, चौकशी झाली. आणि १९२६ मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली.

पुढची चाळीस वर्षे या विषयात रॉबर्ट कीहो या वैद्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. त्यांच्या संशोधनाचा पैसा शिशाच्याच धंद्यातून येत होता. त्यांचे म्हणणे असे की, शिशाच्या कामाशी ज्यांचा संबंध नाही अशांच्या अंगातही शिसे सापडते. अगदी मेक्सिकोतल्या खेडुतांच्या अंगातही सापडते. म्हणून थोडे शिसे शरीरात असणे स्वाभाविकच आहे. ऐकायला हे पटते. पण त्या खेडुतांच्या अन्नात आणि जेवणाच्या भांड्यांतही शिसे होते, त्याचे काय? कारखान्यातल्या कामगाराची तुलना ज्याच्याशी करायची, तोही शिशानेच माखलेला! ही धडा न करता केलेली तोलणी होती.

१९६५ मध्ये पॅटरसन यांनी एक निबंध लिहिला आणि त्यात हीच चूक उघड केली. सर्वांमध्ये आढळते ते स्वाभाविक असते असे नाही, हा त्यांचा मुद्दा. त्यांच्या हिशेबाने त्या काळच्या सामान्य अमेरिकन माणसाच्या शरीरातले शिसे निसर्गतः असावे त्याच्या सुमारे शंभर पट होते. एका भूशास्त्रज्ञाने वैद्यांच्या प्रांतात पाय ठेवला, म्हणून पुष्कळांना राग आला. सरकारी आरोग्य खात्याचे आणि पेट्रोलवाल्यांच्या संस्थेचे, त्यांना मिळणारे पैसे बंद झाले. १९६६ मध्ये अमेरिकेच्या सीनेटपुढे कीहो यांची साक्ष झाली आणि पॅटरसन यांचीही झाली. १९७१ मध्ये हवेतल्या शिशाबद्दल राष्ट्रीय पातळीवर समिती नेमली गेली, तेव्हा या विषयातल्या या सर्वांत जाणत्या माणसाला तीतून वगळले गेले.

पण वादाला उत्तर पुराव्यानेच द्यायचे असते. पॅटरसन आणि त्यांचे सहकारी ग्रीनलंडला गेले. तेथे दर वर्षीच्या बर्फावर पुढल्या वर्षीचे बर्फ साचत जाते. म्हणजे वर्षावार लिहून ठेवलेली रोजकीर्दच ती! इतिहासाच्या अभ्यासकाला याहून चांगले दप्तर कोणते मिळणार? प्लॅस्टिकचे कपडे घालून, मोठाले ठोकळे कापून, वरचा भाग तासून टाकून त्यांनी आतले बर्फ तपासले. १९६९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. इसवी सनापूर्वी ८०० च्या सुमाराच्या बर्फापेक्षा १९६५ च्या बर्फात शिसे दोनशे पटींहून अधिक होते आणि सर्वांत तीव्र वाढ १९४० नंतरची होती. मोटारी वाढल्या तोच हा काळ.

आणखी दोन दाखले सांगतो. १९७९ मध्ये पेरू देशातील सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीच्या माणसांची हाडे तपासली गेली. आजच्या माणसाच्या हाडांत त्यांच्यापेक्षा शिसे शेकडो पट निघाले. दुसरा दाखला डबाबंद माशाचा. डबे त्या वेळी शिशाच्या डाकाने जोडत. डब्यात घातल्याने माशातले शिसे जेमतेम दुप्पट होते, असे इतर प्रयोगशाळा सांगत. पॅटरसन आणि त्यांच्या सहकारी डोरोथी सेटल यांनी १९८० मध्ये दाखवले की ही वाढ हजारो पटींची आहे. इतरांचे आकडे का चुकले? त्यांच्या ताज्या माशालाच प्रयोगशाळेतले शिसे लागले होते. तुलनेचे मूळ माप बिघडले, की केवढा मोठा फरक झाकला जातो, ते यावरून ध्यानात येईल.

आता न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. पेट्रोलमधले शिसे गेले ते एकट्या पॅटरसन यांच्यामुळे नव्हे. मुलांच्या बुद्धीवर शिशाचा काय परिणाम होतो, हे वैद्यांनी दाखवले. शिवाय १९७५ पासून अमेरिकेतल्या नव्या मोटारींना धूर शुद्ध करणारे जे उपकरण बसवू लागले, ते शिशाने निकामी होई. तेव्हा बिनशिशाचे पेट्रोल विकणे भागच पडले. परंतु मुळात हवेत शिसे किती असायला हवे होते, हे पॅटरसन यांच्या मोजणीवाचून कळले नसते. परिणाम काय झाला? १९७० नंतरच्या दशकाअखेरपासून १९९० च्या सुमारापर्यंत अमेरिकन लोकांच्या रक्तातले शिसे तीनचतुर्थांशांहून अधिक घटले. ५ डिसेंबर १९९५ रोजी पॅटरसन वारले. रस्त्यावरच्या मोटारींसाठी शिशाच्या पेट्रोलवर अमेरिकेत पूर्ण बंदी आली १ जानेवारी १९९६ ला. अवघ्या काही दिवसांनी. आपल्याकडे मुंबईसह चार महानगरांत १९९५ मध्ये बिनशिशाचे पेट्रोल आले आणि २००० पासून ते देशभर झाले. जगातला शेवटचा देश अल्जेरिया. तेथे २०२१ मध्ये ही विक्री थांबली.

म्हणजे विषय संपला का? नाही, श्रोतेहो. शिसे हवेतून कमी झाले, पण घरातून गेलेले नाही. भांड्यांच्या कल्हईसाठी घेतलेल्या कथलात शिसे मिसळलेले असू शकते. हळदीचा पिवळेपणा वाढवण्यासाठी शिशाच्या रंगाची भेसळ होते. जुन्या भिंतींच्या पोपड्यांत ते असते. जुन्या बॅटऱ्या उघड्यावर वितळवतात तेथल्या मातीत असते. ते दिसत नाही, त्याला वास नाही, आणि सर्वांत अधिक बाधते ते लहान मुलाला, कारण त्याचा मेंदू वाढत असतो. अमुक इतके शिसे मुलाला चालेल, अशी मर्यादाच सापडलेली नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा कल्हई खात्रीच्या माणसाकडून, शुद्ध कथलाची करून घ्यावी. हळकुंडे आणून घरी दळावीत. आणि खेळून आलेल्या पोरांचे हात जेवणाआधी धुवावेत. एवढे तर आपल्या हातचे आहे.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवतो. वर्गात एक तागडी न्या. एक लोटा पाणी आधी धडा न करता तोला, मग धडा करून तोला, आणि दोन्ही आकडे फळ्यावर लिहा. मग मुलांना पॅटरसन यांची गोष्ट सांगा. आपल्या भाषेत धडा म्हणजे तोलताना करतात तो आणि पुस्तकात असतो तोही. या गोष्टीत मुलांना दोन्ही मिळतील.