नाल्याची नदी व्हायला लागलेली तीस वर्षं

जर्मनीतल्या डुइसबुर्ग शहरात, मायडेरिशच्या बंद लोखंड कारखान्यात, पाच नंबरच्या झोतभट्टीवर चढायला तिकीट लागत नाही. लोखंडी जिने चढत सत्तर मीटर वर गेलं की सगळा कारखाना पायाखाली दिसतो. गॅसच्या जुन्या टाकीत पाणी भरलंय, त्यात लोक डायव्हिंग करतात. खनिज साठवायच्या कोठ्यांच्या भिंतींवर पोरं दोर बांधून चढतात. रुळांच्या मधून बर्चची झाडं उगवली आहेत. हा कारखाना १९८५ साली बंद पडला. १९९४ पासून ते सगळ्यांसाठी खुलं असलेलं उद्यान आहे.

मी लालबागच्या चाळीत वाढले. आजोबा मिलमध्ये साचेखात्यात होते. त्यांची मिल होती तिथे आता काचेचा टॉवर आहे आणि त्याच्या गेटवरचा वॉचमन मला विचारतो, ‘कुणाकडे जायचंय?’ त्यामुळे त्या भट्टीवर उभी असताना मला कौतुकापेक्षा प्रश्नच जास्त पडला. इथे मला कुणीच कसं अडवलं नाही?

याचं उत्तर बहुतेक वेळा डिझाइनचं म्हणून दिलं जातं. पीटर लाट्झ या लँडस्केप आर्किटेक्टने कारखाना न पाडता त्यालाच बाग मानलं, ही गोष्ट आर्किटेक्चरच्या पोरांना पाठ असते. ती खरीच आहे. पण वाचत मागे मागे गेले तेव्हा कळलं, की गोष्ट लाट्झच्या फार आधी सुरू होते. ती सुरू होते एका गटारापासून.

डुइसबुर्ग, एसेन, बोखुम, डॉर्टमुंड ही एकमेकांना चिकटलेली शहरं म्हणजे रूरचा पट्टा, जर्मनीच्या कोळशा-पोलादाचं आगर. त्याच्या मधून एम्शर नावाची लहानशी नदी वाहते. एकोणिसाव्या शतकात खाणी, कारखाने आणि भराभर वाढलेल्या वस्त्या, सगळ्यांचं सांडपाणी तिच्यात जायला लागलं. त्यात खालचा कोळसा काढल्यामुळे वरची जमीन खचत होती. काही ठिकाणी ती वीस मीटरहून जास्त खचली. नदीला उतारच उरला नाही, पाणी तुंबलं, रोगराई पसरली. १९०१ साली गेल्झेनकिर्शेनमध्ये टायफॉइडची मोठी साथ आली.

त्याआधी दोनच वर्षं, १८९९ मध्ये, ‘एम्शरगेनोसेनशाफ्ट’ ही संस्था स्थापन झाली होती. नाव जड आहे, कल्पना साधी. एम्शरच्या खोऱ्यातली शहरं, खाणी, कारखाने या सगळ्यांनी तिचे सभासद व्हायचं आणि पाण्याचा खर्च मिळून उचलायचा. ज्याच्यामुळे खर्च जास्त, त्याची वर्गणी जास्त. नदी शहरांच्या हद्दी मानत नाही, म्हणून व्यवस्थाही हद्दीबाहेरची.

या संस्थेने काय केलं? नदीचं अधिकृत गटार केलं! वळणं काढून टाकली, तळाला काँक्रीट घातलं, दोन्ही बाजूंना बांध उभारले आणि मैला उघड्यावरून वाहू दिला. आज हे ऐकून राग येतो. पण पाइप जमिनीखाली घातले असते, तर जमीन खचताना ते फुटले असते. उघडं गटार निदान दुरुस्त करता येत होतं. पुढची नव्वद वर्षं तिथली मुलं या पाण्याच्या वासात वाढली. बोलीभाषेत त्याला लोक ‘कोटेलबेके’ म्हणायचे, म्हणजे गुवाचा ओढा.

मग खाणी बंद पडत गेल्या. जमिनीचं खचणं थांबत गेलं आणि पाइप गाडणं पहिल्यांदाच शक्य झालं. १९९२ मध्ये त्याच जुन्या संस्थेने काम हाती घेतलं. डॉर्टमुंडपासून डिन्सलाकेनपर्यंत ५१ किलोमीटरचा भुयारी नाला, काही ठिकाणी ४० मीटर खोल. खर्च सुमारे साडेपाच अब्ज युरो. २०२१ संपता संपता एम्शरमध्ये मैला जाणं पूर्ण थांबलं. तीस वर्षांत सरकारं बदलली, चलन बदललं, काम चालू राहिलं.

नदीचं हे असं. जमिनीचं काय?

या पट्ट्यासाठी १९२० मध्येच एक प्रादेशिक नियोजन मंडळ स्थापन झालं होतं. रॉबर्ट श्मिट हे त्याचे प्रमुख. शहरं एकमेकांत मिसळून जाऊ नयेत म्हणून त्यांच्या मध्ये उत्तर-दक्षिण हिरवे पट्टे राखायचे, हा त्यांचा आग्रह. पुढे १९८०च्या सुमारास नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफेलिया राज्याने एक भूमी निधी उभारला. बंद कारखान्यांच्या जमिनी या निधीतून विकत घ्यायच्या, साफ करायच्या आणि मग त्यांचं काय करायचं ते ठरवायचं. मायडेरिशची जमीनही अशीच सरकारी हातात आली. कारखाना पाडू नका म्हणून भांडणारे स्थानिक लोकही होते.

१९८९ मध्ये राज्याने ‘आयबीए एम्शर पार्क’ हा दहा वर्षांचा कार्यक्रम सुरू केला. संचालक होते कार्ल गान्झर. १७ शहरं, सुमारे १२० प्रकल्प. एकच मोठा आराखडा वरून लादला नाही. वापरून टाकलेलीच जमीन पुन्हा वापरायची, ही भूमिका. श्मिट यांच्या काळापासून राखलेले हिरवे पट्टे आता पूर्व-पश्चिम जोडले गेले. लाट्झची बाग यातलाच एक प्रकल्प. म्हणजे डिझाइन शेवटी आलं. आधी सातबारा आला.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. गेल्झेनकिर्शेन आजही जर्मनीतल्या सर्वाधिक बेरोजगारीच्या शहरांत मोडतं. बागेने भट्टीइतक्या नोकऱ्या दिल्या नाहीत. डॉर्टमुंडच्या ह्योर्डे भागातला पोलाद कारखाना २००१ मध्ये बंद पडल्यावर त्याचे भाग सुटे करून चीनला नेले. त्या जागी २०१० पासून पाणी भरून फिनिक्स नावाचं तळं केलं. तळं सुंदर आहे, पण काठावर महागडी घरं आली. कारखान्याच्या धुरात राहिलेल्यांना ती परवडणारी नाहीत. ते वाचताना मला आमच्या गेटवरचा वॉचमन आठवला.

शिवाय एक बिल कधीच संपणार नाही. खचलेली जमीन वर येत नाही. पंप बंद केले तर रूरचे मोठे भाग पाण्याखाली जातील. या कामांना जर्मन लोक ‘अनंतकाळची कामं’ म्हणतात, सरकारी कागदांतसुद्धा. त्यासाठी २००७ मध्ये एक फाउंडेशन स्थापन केलं. कोळसा कंपनीच्या मालमत्तेतून आलेलं भांडवल गुंतवून ते दरवर्षी वीस कोटी युरोंहून जास्त रक्कम भरतं. शेवटची खाण, बोट्रोपची, डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. पंप चालू आहेत. कोळसा दीडशे-दोनशे वर्षं काढला, पाणी कायम उपसायचं.

आता आमच्याकडे. रूरमध्ये आयबीए नुकती सुरू झाली होती, तेव्हाच, १९९१ मध्ये, मुंबईच्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनींसाठी नियम आला. ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. १९८२चा संप होऊन दहा वर्षंही झाली नव्हती. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या जमिनींचा एकत्र विचार करणारा आराखडाही मांडला. पण २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी आता गिरणीच्या सगळ्या जमिनीची नाही, फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची. गिरणी म्हणजे मुळात शेड. मोकळी जागा ती किती असणार? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला.

आमच्याकडे डिझाइन करणारे नव्हते असं नाही, आराखडाही होता. नव्हता तो हातात धरलेला जमिनीचा कागद, आणि तीस वर्षं थांबायची तयारी असलेली संस्था.

आजोबा संपानंतर परत कामावर गेले नाहीत. भोंगा बंद झाल्यावरही पहाटे उठून बसायचे. भट्टीवरून उतरताना एक म्हातारे गृहस्थ कठड्याला हात लावून उभे दिसले. इथे काम केलेले असतील किंवा नसतीलही. मी विचारलं नाही. पण त्यांनाही कुणी विचारत नव्हतं, कुणाकडे जायचंय म्हणून.