गंजीभोवतीचा बायसन

पोलंडच्या ब्यावोव्येझा अरण्यातला युरोपीय बायसन हा दाट जंगलाचाच प्राणी, ही समजूत मला पटत नाही. राजांनी तो शिकारीसाठी राखला. 1752 मध्ये राजा तिसरा ऑगस्ट याच्या एकाच शिकारीत 42 बायसन पडले. पुढे झारच्या अमलात हिवाळ्यात त्यांना गवत घातले जाई. पहिल्या महायुद्धाने सगळीच घडी मोडली आणि 1919 मध्ये इथला शेवटचा मोकळा बायसन मारला गेला. पिंजऱ्यांत आणि उद्यानांत उरले पन्नासएक. आजची सगळी पैदास त्यांतल्या 12 जनावरांची. 1929 मध्ये इथे कुंपणात त्यांची जोपासना सुरू झाली आणि 1952 मध्ये पहिली जनावरे सोडली, तरी हिवाळी गंजी लागतच राहिल्या.

या गंजीने त्यांचा दिवस आखला. बर्फ पडले की गाई-वासरांचे मोठे कळप तिथे जमतात, खातात, जवळच बसून रवंथ करतात आणि पुन्हा उठून खातात. हिंडणे जवळजवळ थांबतेच. जिथे आयता चारा कमी, तिथे कळप लहान आणि भटकंती मोठी. कुणी म्हणेल, चरणे आणि रवंथ यांचे आलटून-पालटून चक्र तर रानातही तेच. खरे आहे, ते पोटाने ठरवलेले. पण कुठे आणि कितीजणांत बसायचे, हे गंजीवाल्याने ठरवले. मग जंगलाची आवड तरी उपजत असेल ना? हिमयुगानंतरच्या सुरुवातीच्या काळातल्या बायसनच्या हाडांचे रासायनिक पुरावे उघड्या माळावरचा चारा दाखवतात. शेती वाढली तसा माणसाने त्याला झाडीत रेटला, असे काही संशोधक मानतात, आणि मलाही तेच सयुक्तिक वाटते.