पश्तो टप्पा : बावीस अक्षरांची निनावी कविता

अफगाणिस्तानचा दक्षिण व पूर्व भाग आणि पाकिस्तानातील खैबर पख्तुनख्वा हा पश्तो भाषेचा मुख्य प्रदेश. येथील लोकवाङ्मयातील अत्यंत लोकप्रिय काव्यप्रकार म्हणजे ‘टप्पा’. अफगाणिस्तानात तो ‘लँडेय’ या नावाने ओळखला जातो. या शब्दाचा मूळ अर्थ ‘आखूड’ असा असून एका छोट्या विषारी सापालाही हेच नाव आहे. हिंदुस्थानी संगीतातील टप्प्याशी नामसाधर्म्य असले, तरी हा काव्यप्रकार त्याहून वेगळा आहे.

टप्प्याच्या पहिल्या ओळीत नऊ आणि दुसरीत तेरा अक्षरे असतात. शेवट बहुधा ‘मा’ किंवा ‘ना’ या ध्वनीवर होतो. यमकाचे बंधन नसते. प्रेम, विरह, स्वाभिमान, मायभूमी आणि युद्ध हे त्याचे प्रमुख विषय. पाणवठ्यावर, लग्नघरात किंवा रबाब व घागरीच्या साथीने रंगलेल्या मैफलीत तो गायिला जातो.

यांतील बहुसंख्य रचना स्त्रियांच्या मुखी आहेत. ‘पश्तुनवली’ या पारंपरिक आचारसंहितेत कुटुंबाची अब्रू स्त्रीच्या वर्तनाशी जोडलेली असल्याने प्रेमाची उघड कबुली जिवावर बेतू शकते. टप्प्याला मात्र कर्ता नसतो. गाणारी स्त्री ‘हे मी कुठेतरी ऐकले’ एवढेच म्हणू शकते. प्रियकराची ओढ, नावडत्या नवऱ्याची थट्टा, रणातून पळणाऱ्याची निर्भर्त्सना असे सारे या निनावीपणाच्या आडोशाने बोलता येते.

दक्षिण अफगाणिस्तानात २७ जुलै १८८० रोजी मैवंद येथे इंग्रज फौजेचा पराभव झाला. माघार घेऊ पाहणाऱ्या अफगाण योद्ध्यांना मलालाई या तरुणीने टप्पा गाऊन परत फिरवले, अशी आख्यायिका आहे. मलाला युसुफझाई हिचे नाव याच मलालाईवरून ठेवलेले.

मौखिक पश्तो गीते लेखनबद्ध करणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांत फ्रेंच प्राच्यविद्यापंडित जेम्स दार्मस्तेतेर यांचे नाव महत्त्वाचे आहे. त्यांचा संग्रह १८८८ ते १८९० या काळात प्रसिद्ध झाला. सोव्हिएत आक्रमणानंतर अफगाण कवी व तत्त्वचिंतक सय्यद बहाउद्दीन मजरूह यांनी निर्वासित स्त्रियांच्या तोंडचे टप्पे संकलित केले. ११ फेब्रुवारी १९८८ रोजी पेशावर येथील राहत्या घरी त्यांची हत्या झाली. त्यांचे संकलन फ्रेंच आणि पुढे इंग्रजी भाषांतरातून जगापुढे आले.

अलीकडच्या काळात काबूलमधील ‘मिर्मन बहीर’ या स्त्रियांच्या साहित्यमंडळाच्या सदस्या दूरच्या प्रांतांतील मुलींच्या कविता दूरध्वनीवर ऐकून उतरवून घेत असत. ऑगस्ट २०२४ मध्ये तालिबान राजवटीने जारी केलेल्या कायद्यानुसार स्त्रीने मोठ्याने गाणे वा पठण करणे हेही आता ‘झाकून ठेवण्याच्या’ गोष्टींत मोडते. त्यामुळे स्त्रियांच्या उघड मैफलीची वाटच बंद झाली आहे.

आपल्याकडची जात्यावरची ओवीही निनावी आणि बायकांचीच. विजेच्या गिरणीने जाते थांबले, तशी ती ओवी मागे पडली. टप्प्यापुढचे संकट वेगळे आहे. त्याच्या बाबतीत आवाजावरच बंदी आहे. तथापि बावीस अक्षरे पाठ करायला कागद लागत नाही आणि पुटपुटायला मोठा आवाजही लागत नाही. आजवर टप्पा टिकला, तो याच बळावर.