बुलढाणा जिल्ह्यातील सरकारी-खासगी रुग्णसेवा

बुलढाण्याचे जिल्हा रुग्णालय, खामगावचे सामान्य रुग्णालय आणि शेगावचे सईबाई मोटे उपजिल्हा रुग्णालय हे जिल्ह्यातील सरकारी उपचारांचे प्रमुख आधार. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी मात्र अनेकांना अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. शेतमजुराच्या घराला तो प्रवासखर्चही झेपत नाही.

अशाच घरांसाठी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये ८ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर पोचली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. खर्च सरकारचा; उपचार सरकारी किंवा अंगीकृत खासगी रुग्णालयात. तिथे रुग्णाची पहिली गाठ आरोग्यमित्राशी, म्हणजे योजनेच्या मदतनीसाशी, पडते. रेशनकार्ड, आधार, तपासण्यांचे कागद आणि मग मंजुरीची वाट. नातेवाइकांना जड जाते ती हीच.

२०१४ पासून धावणारी १०८ रुग्णवाहिकाही अशाच सरकारी-खासगी भागीदारीतली.